मापवहीतल्या तारखा

टाचणी: थांबा, थांबा. म्हणजे हे पैसे मेल्यावर नाही मिळत? जिवंतपणीच मिळतात?

विमेकाका: बरोब्बर. मेल्यावरचा विमा वेगळा, दवाखान्याच्या बिलाचा वेगळा, आणि हा तिसरा. गंभीर आजाराचा. कंपनीची एक यादी असते. त्यातला एखादा आजार झालाय असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, की ठरलेली रक्कम एकदम तुझ्या हातात. बिल दाखव, पावती आण, काही भानगड नाही.

टाचणी: आणि मी त्यातून नवीन मशीन घेतलं तर?

विमेकाका: घे की. दुकानाचं भाडं भर, घरी कामाला बाई ठेव, नाहीतर सहा महिने नुसती पडून राहा. कोणी विचारणार नाही.

टाचणी: कोणी विचारणार नाही, हे तर मला विमा न घेताही मिळतंय.

विमेकाका: तुला सगळे टाचणी म्हणतात ते उगीच नाही. बोललीस की टोचतेसच.

टाचणी: तुमचीच पॅन्ट मशीनवर आहे, जपून बोला. एक पाय आखूड शिवून देईन, मग बसा दारोदार लंगडत विमे विकत. बरं, पुढे. आईचा होता तो कुठला विमा?

विमेकाका: बिलाचा. दवाखान्याचा.

टाचणी: हां. बिल भागलं खरं. पण दुकान सात महिने बंद होतं त्याचं काय? रोजची रिक्षा, घरातलं दळणकांडण, माझी शाळा... त्याचं बिल कुणाला दाखवणार होतो आम्ही?

विमेकाका: तेच सांगतोय मी. दवाखान्याचं बिल म्हणजे निम्मा आजार. उरलेला निम्मा घरी येऊन बसतो.

टाचणी: हे वाक्य छापील आहे ना? पत्रकावरचं?

विमेकाका: नाही गं. माझं आहे.

टाचणी: बरं आहे. आईला किती वेळा सांगितलंत तुम्ही हे सगळं?

विमेकाका: चार वेळा. इथेच, याच स्टुलावर बसून. चौथ्या वेळी तिने कात्री दाखवली.

टाचणी: ती सगळ्यांनाच दाखवायची. माझ्या वर्गशिक्षिकेलापण दाखवलेली.

विमेकाका: मी पाचव्यांदा यायला हवं होतं.

टाचणी: हं. काढा तो फॉर्म. हात माझे मशीनवर आहेत, तुम्ही विचारा, तुम्हीच लिहा.

विमेकाका: वय?

टाचणी: एकोणीस पूर्ण.

विमेकाका: शिक्षण?

टाचणी: दहावी अर्धी.

विमेकाका: अर्धी असा रकाना नाहीये.

टाचणी: मग नववी लिहा. नववी अख्खी आहे माझ्याकडे.

विमेकाका: काम?

टाचणी: शिवणकाम. जिन्याखालचं दुकान, स्वतःचं. ‘स्वतःचं’ खाली रेघ मारा.

विमेकाका: रेघ मारली. आता नीट ऐक. आई-वडील किंवा भावंडं, यांच्यापैकी कुणाला कधी गंभीर आजार?

टाचणी: नाही.

विमेकाका: अगं!

टाचणी: ‘हो’ लिहिलं तर हप्ता वाढेल ना? मग नाही.

विमेकाका: वाढला तर वाढू दे. बघ, खोटं लिहिलंस तर आज कुणाला कळणार नाही. पण ज्या दिवशी तू पैसे मागशील त्या दिवशी कंपनी जुने कागद उकरायला बसते. दवाखाना, औषधवाला, शेजारी, कुणाला सोडत नाही. मग पत्र येतं, माहिती लपवली म्हणून दावा नामंजूर. अशी पत्रं मी स्वतः नेऊन दिलीयत. बावीस वर्षांत नऊ. नऊही घरं आठवतात मला. हातात पत्र ठेवायचं आणि समोर आलेलं पाणी न पिता उठायचं. तुझ्याकडे तसं यायला लावू नकोस मला.

टाचणी: बरं. लिहा. आईला होता. पोटाचा. वय त्रेचाळीस.

विमेकाका: शाबास. आता हे एक लक्षात ठेव. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले नव्वद दिवस काही मिळत नाही. त्याला प्रतीक्षा कालावधी म्हणतात.

टाचणी: आणि साध्या भाषेत?

विमेकाका: थांबायचे दिवस. नाहीतर लोक दवाखान्याच्या दारातच फॉर्म भरतील. त्या नव्वद दिवसांत आजार निघाला तर पैसे नाहीत. आणि आजार निघाल्यावर निदान तीस दिवस माणूस जगायला हवा. ती दुसरी अट.

टाचणी: म्हणजे मरायचीपण घाई करायची नाही.

विमेकाका: तसंच काहीसं. पुढे. धूम्रपान नाही, दारू नाही, गेल्या सहा महिन्यांत कारण नसताना वजन घटलेलं नाही, शस्त्रक्रिया नाही, नियमित औषध नाही...

टाचणी: ओ, ओ! हे काय, गाडी सुटतेय का तुमची? आत्तापर्यंत एकेक प्रश्न चघळत होतात, आणि हे पाच एका दमात?

विमेकाका: तू धडधाकट पोरगी. तुला काय विचारायचं त्यातलं?

टाचणी: मला विचारायचं म्हणून तर फॉर्म आहे. परत वाचा. मधला कुठला होता?

विमेकाका: शस्त्रक्रिया.

टाचणी: त्याच्या आधीचा.

विमेकाका: गेल्या सहा महिन्यांत... कारण नसताना वजन घटलं आहे का.

(मशीन थांबतं.)

टाचणी: माझं नाही घटलं.

विमेकाका: मग ‘नाही’ लिहितो.

टाचणी: ती निळी वही द्या काका. तुमच्या कोपराशी आहे ती.

विमेकाका: मापवही कशाला आता? पॅन्ट झाली ना?

टाचणी: द्या तर. हं. हे बघा तुमचं पान. दहा जानेवारी, नवीन पॅन्ट शिवली, कंबर चौतीस. आठ मार्च, कमरेत कमी केली, तेहतीस. सत्तावीस एप्रिल, परत कमी, बत्तीस. आज वीस जून. तुम्ही म्हणालात, दीड इंच घे. म्हणजे साडेतीस.

विमेकाका: अगं, चालायला लागलोय मी. सकाळी. साखर सोडली. या वयात बरंच असतं अंग हलकं झालेलं.

टाचणी: चालणाऱ्याच्या बुटाची टाच झिजते.

विमेकाका: म्हणजे?

टाचणी: लोकांच्या पायाशी बसून टाचण्या लावते मी. दिवसभर बूटच बघते. तुमचे जानेवारीत होते तसेच आहेत. आणि पट्ट्याला दोन नवीन भोकं पाडलीयत, खिळ्याने. एक तर वाकडं पडलंय. आणि गेल्या वेळी चहा आणला तो तुम्ही पिता पिता तसाच खाली ठेवलात, तुम्हाला वाटलं मला कळत नाही. आणि तो डावा हात. केव्हापासून पोटावर धरून बसलाय, काढा बघू तो!

विमेकाका: ओरडू नकोस. वर जिन्यात ऐकू जातं.

टाचणी: जाऊ दे. डॉक्टरला दाखवलं?

विमेकाका: दाखवणार आहे.

टाचणी: कधी?

विमेकाका: एकतीस जुलैनंतर.

टाचणी: मुहूर्त काढलाय का?

विमेकाका: फॉर्म पुरा करूया आपण. तुझं काम राहील.

टाचणी: एकतीस जुलैला काय आहे?

विमेकाका: काही नाही.

टाचणी: काका, मी नववी अख्खी आहे. वजाबाकी येते मला. एकतीस जुलैपासून मागे नव्वद दिवस म्हणजे... जुलैचे एकतीस, जूनचे तीस, राहिले एकोणतीस... दोन मे. दोन मेला तुम्ही स्वतःची पॉलिसी काढलीत. हीच.

विमेकाका: हो.

टाचणी: म्हणजे बावीस वर्षं गावाला विकली, आणि तुमची नव्हती?

विमेकाका: होती. तुझी काकू असताना होती. ती गेल्यावर एक हप्ता राहिला, मग दुसरा राहिला. ती आठवण करायची ना. मग म्हटलं, एकट्या माणसाला काय करायचंय. बंद पडली.

टाचणी: आणि आता दिवस मोजत बसलाय.

विमेकाका: एकेचाळीस राहिले. डॉक्टरकडे गेलो की कागद तयार होतो गं. कागदावर तारीख येते. एकतीस जुलैच्या आधीची तारीख पडली तर सगळं गेलं. नंतरची पडली तर निदान एक माणूस ठेवता येईल घरी. पाणी द्यायला, दार उघडायला. कुणाकडे तोंड वेंगाडायला लागणार नाही.

टाचणी: तुमचा मुलगा?

विमेकाका: दर रविवारी फोन करतो. बरे आहात ना, म्हणतो. मी हो म्हणतो. तो म्हणतो, बरं. लांब आहे तो. तिकडे त्याची नोकरी, त्याची लहान मुलं. वाईट नाहीये गं तो. त्याला काय सांगायचं, तेच जुळवत असतो मी शनिवारपासून, आणि फोन आला की हो म्हणून मोकळा होतो.

टाचणी: ते पत्रक द्या इकडे. हे. बारीक अक्षरातलं वाचा.

विमेकाका: मला पाठ आहे.

टाचणी: पाठ आहे ना? मग मोठ्याने वाचा. मला वाचून दाखवता ना तसं.

विमेकाका: कशाला छळतेस?

टाचणी: वाचा!

विमेकाका: ‘पहिल्या नव्वद दिवसांत ज्या आजाराचं निदान झालं असेल, किंवा ज्याची लक्षणं दिसली असतील, त्या आजारासाठी रक्कम देय नाही.’

टाचणी: किंवा काय?

विमेकाका: लक्षणं.

टाचणी: दुसऱ्यांदा पॅन्ट कमी केली सत्तावीस एप्रिलला. तुम्ही फॉर्म भरला दोन मेला. पाच दिवसांनी. आणि तो वजनाचा प्रश्न आला तेव्हा काय लिहिलंत?

विमेकाका: तुला माहितीये काय लिहिलं.

टाचणी: म्हणजे दहावं पत्र तुम्हाला.

विमेकाका: टेलरची वही कोण बघायला येतंय.

टाचणी: मी बघतेय ना! कंपनी गेली खड्ड्यात. मी बघतेय. वेडे आहात का तुम्ही? पैसे मिळणार नाहीत हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहितीये. मग हे एकेचाळीस दिवस कशासाठी? कुणासाठी थांबलाय?

विमेकाका: एक तारीख असली की बरं वाटतं. सकाळी उठलं की म्हणता येतं, आज बेचाळीस राहिले, आज एकेचाळीस. नाहीतर नुसतं दुखतं.

टाचणी: मला रडायला लावू नका हां. मशीनवर पाणी पडलं की गंज चढतो.

विमेकाका: गेलो होतो मी.

टाचणी: कुठे?

विमेकाका: दवाखान्यात. एप्रिलमध्ये, फॉर्म भरायच्या आधी. चिठ्ठी काढायला खिडकीपाशी उभा राहिलो. आतली बाई म्हणाली, तपासणीला गुंगी देतील, सोबत कोण आहे? मी म्हटलं, येतायत. ती म्हणाली, आले की सांगा. मग बाकावर बसलो. पाऊण तास बसलो असेन.

टाचणी: कोण येणार होतं?

विमेकाका: कोणी नाही.

टाचणी: मग पाऊण तास काय केलंत?

विमेकाका: दाराकडे बघत होतो. कोणी आत आलं की ती बाई माझ्याकडे बघायची, हेच का म्हणून. मी मान हलवायचो, हे नाही. मग म्हटलं, आता उठावं. तिलाच वाईट वाटायला लागलं होतं.

टाचणी: मला नाही सांगता आलं? जिन्याखालीच तर बसलेली असते.

विमेकाका: तुला काय म्हणून सांगू? तुझी माझी काय... गिऱ्हाईक आहे मी तुझं.

टाचणी: दर आठवड्याला येता. कधी बटण तुटलेलं असतं, कधी खिशाची शिवण. ती शिवण तुम्ही स्वतः उसवून आणता. ब्लेडने. दोरा सरळ कापलेला असतो, झिजून तुटलेला दोरा असा नसतो.

विमेकाका: तुला माहीत होतं?

टाचणी: पहिल्या वेळेपासून.

विमेकाका: मग बोलली नाहीस ती.

टाचणी: बोलले असते तर यायचं थांबला असता.

विमेकाका: दिवसभरात जो भेटतो तो मला ‘नको’ म्हणतो गं. दार उघडायच्या आधीच म्हणतो. इथे तू निदान ‘बसा’ म्हणतेस. तेवढ्यासाठी... जाऊ दे. आणखी एक आहे. सांगतो, पण रागावू नकोस.

टाचणी: रागावलेलीच आहे. सांगा.

विमेकाका: माझ्या फॉर्मवर एक रकाना होता. काही झाल्यास कुणाला कळवायचं. मुलगा दुसऱ्या देशात, ते म्हणाले गावातलं कुणीतरी द्या. रिकामा सोडला तर फॉर्म परत येतो. मग मी तुझा नंबर दिला. दुकानाचा.

टाचणी: आणि नातं काय लिहिलंत?

विमेकाका: परिचित.

टाचणी: परिचित.

विमेकाका: खोटं नको म्हणून. तेवढ्या एकाच ठिकाणी खरं लिहिलं बघ.

टाचणी: काका, तुम्हाला एक सांगते. कुणाला सांगितलेलं नाहीये. आईचे ड्रेस मी कमी केलेत. चार. माझ्या हाताने. ती म्हणायची, जरा फिटिंगचं करून दे, तरुण दिसते. मी म्हटलं, बघा बाईला या वयात फॅशन सुचतेय. चिडवलंपण तिला. एकाला तर मी कमरेत चुण्या घातल्या, छान बसला होता. गल्लीतल्या कुणाचा बाहीत अर्धा इंच फरक पडला तरी लांबून ओळखते मी. आणि घरातली बाई महिन्याला इंचभर कमी होत होती, आणि मी टीप मारत होते वरून. सरळ, सुबक.

विमेकाका: तू लहान होतीस.

टाचणी: मला नजर होती ना पण. म्हणून तारखा घालते आता. आईच्या वहीत नुसती मापं होती, तारखा नव्हत्या. तिच्या मापाचं तर पानच नव्हतं. घरच्या माणसाचं कोण लिहितं?

विमेकाका: माझं लिहिलंस.

टाचणी: सोळा रुग्णालयं फिरून आले मी आईबरोबर, खिडकीवरच्या बायांना कसं बोलायचं ते मला माहितीये. उद्या सकाळी साडेआठला इथे यायचं. उपाशीपोटी. रात्रीपासून काही खायचं नाही, पाणीपण सकाळी डॉक्टरांना विचारूनच.

विमेकाका: उद्या सकाळी तुझं दुकान.

टाचणी: बंद ठेवेन.

विमेकाका: गिऱ्हाइकं खोळंबतील. दारावर कारण तरी लिही.

टाचणी: कारण कुणी वाचत नाही काका. आई गेली तेव्हा चार दिवस पाटी होती. काळ्या अक्षरात लिहिलेलं. पाचव्या दिवशी उघडलं तर पहिलीच बाई म्हणाली, माझा फॉल झाला का? दुसरी म्हणाली, चेन बसवलीस का? मी म्हटलं, हो बसवली. बसवलेलीच होती.

विमेकाका: काही निघालं तर?

टाचणी: निघालं तर निघालं. तेव्हा बघू. मुलाला फोन करायचा, रविवारची वाट न बघता. आणि तुमच्या त्या कंपनीला लिहून टाकायचं, चुकीचं लिहिलं म्हणून. भरलेलं बुडालं तर बुडू दे.

विमेकाका: नोकरी जाईल माझी. कमिशन जाईल.

टाचणी: जाईल. मला शिकवत होता ना मगाशी, खरं लिही म्हणून?

विमेकाका: लिहितो. पोटाचं आधी बघू, मग लिहितो. आणि तुझा फॉर्म? एवढा एक रकाना राहिलाय.

टाचणी: कुठला?

विमेकाका: तोच. काही झाल्यास कुणाला कळवायचं.

टाचणी: राहू दे रिकामा.

विमेकाका: परत येईल.

टाचणी: आज देऊच नका. उद्या तुमची तपासणी होऊ दे, मग संध्याकाळी भरू. शाई वाळायची घाई नाहीये मला.

विमेकाका: बरं. निघतो मग. पॅन्ट?

टाचणी: झालीय. इस्त्री फिरवली नाही अजून, तशीच न्या. उद्या हीच घाला. ढगळ घालून गेलात तर ती खिडकीवाली परत तसंच बघेल.

विमेकाका: आणि तिने विचारलं, सोबत कोण?

टाचणी: मी उभी असेन ना तिथे. तुम्ही कशाला बोलताय?

विमेकाका: हो. तेही खरं. हे काय गं, कमरेत आतून जाड लागतंय. तीन घड्या आहेत.

टाचणी: तिन्ही वेळचं कापड आतच आहे, काका. कापलं नाही मी.